दोन लायनींचे काका

आमच्या सेंटरचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. आत आम्ही बसलेले रस्त्यावरून दिसायचो. तरी काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून विचारायचे, "कोण हाय का घरात?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी दिसतं. मी म्हणाले, "आहोत की, या ना." काका आत आले, पण उभेच राहिले. "मी कुठं बसू?" मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "मंग मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायलोय," असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं आणि माझ्याकडे बघत थांबले. हे आता कशाची वाट बघतायत ते मला कळेना. शेवटी मी "हो, बसा" म्हणाले, तेव्हा टेकले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं चार वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही. त्यांची उशी तिच्यावर, त्यांचा चष्म्याचा डबा तिच्यापुढच्या टेबलावर. पण रोज सकाळी "मी कुठं बसू?" काही चुकलं नाही. एकदा वैतागून मी म्हणाले, "बसा माझ्या डोक्यावर." काकांनी माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तिथं जागा न्हाई. दुसरी सांग."

हे सेंटर मानवतला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, कापसाच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. चोवीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर, आणि कापसाचा बारीक तूस जो कितीही पुसला तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा बसायचा. बीएस्सी होऊन मी तिथं शिकवायला लागले. काका टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. उभं आयुष्य खांबांवर गेलं, आणि खांबावरून उतरल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं नेटवर्क शिकायला घेतलं. रोज सेंटरवर यायचे ते त्यासाठीच. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, मध्येच थांबवायचे आणि शाळेच्या दुरेघी वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. आता ते नांदेडला लेकीकडे असतात. परवा फोन केला तर म्हणाले, तिथल्या अपार्टमेंटचं वायफाय कुणीतरी फार वाईट लावलंय आणि ते अध्यक्षांच्या बोलावण्याची वाट बघतायत. न बोलावता ते जाणार नाहीत, हे मी अध्यक्षांना कळवावं की काय, असं मला वाटून गेलं.

दारातल्या त्या सोहळ्याचा उलगडा महिनाभरानं झाला. नवीन बॅच होती आणि मी फळ्यावर डीएचसीपी शिकवत होते. म्हणजे कॉम्प्युटर जाळ्यात आला की त्याला आपोआप पत्ता कसा मिळतो, ते. पोरी जांभया देत होत्या. काका खुर्चीतून उठले, एका मुलीला वर्गाबाहेर पाठवलं आणि म्हणाले, "आता तू कॉम्प्युटर. आत कोण हाय तुला मालूम न्हाई. आरड." ती लाजत ओरडली, "कोणी आहे का?" काका आतून म्हणाले, "हाय. सतरा नंबरवर बस." मग तिच्याकडून सगळ्यांसमोर म्हणवून घेतलं, "मी सतरा नंबर घेते." आणि वर स्वतः म्हणाले, "घे. संध्याकाळपस्तोर तुझा." पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पण परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर एकीचंही चुकलं नाही. मला तेव्हा कळलं, की हा माणूस रोज सकाळी आमच्या दारात चारही टप्पे पार पाडून मगच बसत होता.

पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो, आणि निम्मी मुदत सरली की कॉम्प्युटर स्वतःच विचारतो, पुढं राहू का? काकांनी हेही आचरणात आणलेलं. ते एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात वरची खोली घेऊन राहायचे. करार अकरा महिन्यांचा. साडेपाच महिने झाले की काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली जायचे आणि दारात उभे राहून विचारायचे, "बाई, पुढं राहू का?" पहिल्या वेळी बाई घाबरल्या, यांना घर सोडायचंय की काय म्हणून. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या आमच्या सेंटरवर तक्रार घेऊन आल्या. "अहो, कोण हाकलायलंय यांना? राहा म्हणलं तर म्हणतात, 'आठवण ठिवा, मी इचारलं व्हतं.' मी कशाला आठवण ठेवू?" काका मागे उभे राहून शांतपणे ऐकत होते. बाई गेल्यावर मला म्हणाले, "निम्म्यातच इचारावं. ती न्हाई म्हणली तरी दुसरी खोली बगायला टाइम ऱ्हातो."

आणि चहा. दोघांनी पत्ता देऊ केला तर कॉम्प्युटर आधीच्याचा घेतो आणि दुसऱ्याला तसं जाहीर कळवतो, काका तेही पाळायचे. त्याच काळात माझी वहिनी टायपिंगची सवय करायला दुपारची सेंटरवर यायची. आमचं गाव मानवतपासून जवळच, एसटीनं अर्धा तास. वहिनी लग्नाआधीपासून सरकारी भरतीचा अभ्यास करणारी बाई. कडेवर सात महिन्यांचं लेकरू, पिशवीत पुस्तकं आणि थर्मासमध्ये चहा. एकदा तिनं काकांना चहा विचारला आणि नेमके त्याच वेळी आमचे चेअरमनही, म्हणजे सेंटरचे मालक, खालून चहा घेऊन वर आले. दुसरा कुणी असता तर दोन्ही घोट घोट प्यायला असता. काका उभे राहिले आणि जाहीर केलं, "मी वैनीचा चहा घेतोय. त्यांनी आधी इचारलं. चेअरमन सायब, तुमचा तुमी माघारी घ्या." चेअरमन आठ दिवस फुगून होते. काकांना काहीच कळलं नाही. त्यांच्या मते त्यांनी चेअरमनचा मानच राखला होता, ताटकळत ठेवलं नव्हतं.

वहिनीचं वय त्या भरतीच्या मर्यादेला टेकलं होतं. ही परीक्षा हुकली की पुढची देता येणार नव्हती. मागच्या खेपेला केंद्र लांबच्या शहरात आलं आणि तिचे दिवस भरत आलेले, त्यामुळे जाताच आलं नाही. हॉलतिकीट मात्र तिनं जपून ठेवलं होतं. या खेपेला अंगावर पिणारं लेकरू. रात्रभराचा प्रवास, लॉज, परक्या गावात लेकरू धरायला कोण, असं सगळं घरात चर्चेला आलं की माझा भाऊ चपला घालून बाहेर पडायचा आणि आई भांडी जोरात ठेवायला लागायची. वहिनी एवढंच म्हणाली होती, "मानवतला केंद्र असतं तर मी पायी गेले असते."

म्हणून जेव्हा चेअरमननी सांगितलं की परीक्षा घेणाऱ्या एका कंपनीला आमच्या भागात नवीन केंद्र हवंय आणि आपण अर्ज केलाय, तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. अट एकच अवघड होती. इंटरनेटच्या दोन लाइनी पाहिजेत, आणि एक बंद पडली तर दुसरी आपोआप चालू झाली पाहिजे. कुणी उठून वायर बदलायची नाही. उत्तरं सतत बाहेर जात राहिली पाहिजेत.

आमच्याकडे जमिनीखालून आलेली फायबरची लाइन होतीच. चेअरमननी गच्चीवर डिश बसवून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. सर्व्हरला तीन नेटवर्क कार्डं झाली. एक आतल्या चोवीस कॉम्प्युटरांकडे जाणारं, दोन बाहेरची. मी दोन्ही बाहेरच्या कार्डांना "पत्ता आपोआप घ्या" असं करून टाकलं आणि स्वतःवर खूश झाले. आणि नेट रखडायला लागलं. तीन दिवस मी फायबरवाल्यांना फोनवर झापत होते. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

चौथ्या दिवशी काकांनी मला वही उघडून बसवलं. "पत्ता भेटताना नुसता पत्ता भेटत न्हाई. बाहिर जायचं दार बी सांगतेत. फायबरवाला म्हणतो माझ्या दारानं जा, डिशवाला म्हणतो माझ्या दारानं जा. तुझा सर्व्हर गरीब. जो शेवटी बोलला त्याचं ऐकतो."

"शेवटी कोण बोलतो?"

"जो हळू हाय तो. डिश."

म्हणजे चोवीस कॉम्प्युटरांचा सगळा भार त्या बारक्या डिशवर, आणि फायबर रिकामी. मी कपाळावर हात मारला.

काकांनी उपाय सांगितला तोही त्यांच्या पद्धतीनं. पत्ता दोघांकडूनही घ्यायचा, कुणाला नाही म्हणायचं नाही. पण दाराचा मान आधी ठरवून ठेवायचा. फायबरला शंभर, डिशला दोनशे. ज्याचा आकडा लहान त्याची पहिली पंगत. तो जेवायला आला नाही तरच दुसऱ्याची. तिसऱ्या कार्डानं मात्र कुणाकडं काही मागायचं नाही, ते आतल्यांना पत्ते देणारं. "मागणारा न् देणारा एकच झाला, की समदं इस्कटतं," ते म्हणाले. मी सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत तशा ओळी लिहिल्या, काकांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "आजून एक. वायर लागलेली हाय म्हणजी लाइन चालू हाय असं न्हाई. मी चाळीस वर्सं बगितलंय. खांबावर तार ताठ असती न् आत आवाज नसतो." म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लावून घेतला. दर पाच सेकंदांनी फायबरमधून बाहेर हाक मारायची, लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही तर तिचा मान काढून डिशला द्यायचा. आम्ही वायर काढून पाहिली, फायबरचं यंत्र चालू ठेवून मागची लाइन तोडून पाहिली. दोन्ही वेळा जमलं. काका वहीत "जमलं" लिहून खाली तारीख टाकून मोकळे झाले.

तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. काका दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, ते खंडेनवमीलाच निघाले. जाताना म्हणाले, "समदं चांगलं चालू हाय. कशाला हात लावू नको माय."

आता खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही म्हणजे काय? सेंटरवर दरवर्षी पूजा व्हायची आणि ती मीच करायचे. त्या वर्षी तर मला देवाकडं मागायचंही होतं. मी सगळं बंद केलं, सर्व्हरच्या वायरी काढून तूस पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मनातल्या मनात वहिनीचं नाव घेऊन अक्षता वाहिल्या. जरा सढळ हातानंच. मग वायरी होत्या तशा लावल्या. सगळं चालू झालं, नेट पळायला लागलं. मी पेढे वाटले.

तपासणीचे अधिकारी सकाळी दहाला आले. तरुण, मितभाषी, हातात फॉर्म. सगळे कॉम्प्युटर चालू करायला लावले आणि काही न बोलता फायबरची वायर उपसली. मी हसतमुखानं उभी. पाच सेकंद, दहा, वीस. चोवीस पडद्यांवर तो गोल नुसता फिरत राहिला. मिनिटभरानं साहेबांनी विचारलं, "दुसरी लाइन कागदावरच आहे का?" चेअरमनना घाम फुटला. साहेब म्हणाले, "मला चारला निघायचंय. अहवाल आज संध्याकाळीच जातो, मग यादी बंद. तोपर्यंत चालली तर बघू."

मी काकांना फोन लावला. ते परभणीच्या स्टँडवर उतरले होते. "यायलोय. तवर कशाला हात लावू नको," म्हणाले. पण तोवर माझ्या हाताला कुठला दम? मला दिसत होतं की डिशचं कार्ड पत्ता घेतंय आणि सोडतंय. मी म्हटलं, घेत नाही ना, मग मीच देते. आणि त्या कार्डाला हातानं पत्ता टाइप करून टाकला, कायमचा. तरी चालेना.

बाराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. खांद्याला पिशवी, डोळे तारवटलेले, आणि आवाज आला, "कोण हाय का घरात?"

"अहो, आत या!" चेअरमन जवळजवळ किंचाळले.

"मी कुठं बसू?"

चेअरमननी डोक्याला हात लावला. साहेबांनी मात्र एकदा काकांकडे पाहिलं, सर्व्हरसमोरच्या आपल्या खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "इथं बसा."

"मंग मी हितं बसायलोय."

"बसा," साहेब म्हणाले. चारही टप्पे पहिल्याच भेटीत बरोबर करणारा तो एकटाच माणूस मी पाहिलाय.

काकांनी पडद्यावर पाहिलं आणि चष्मा काढला. "हा पत्ता कुणी घातला?"

"मी."

"कुणाला इचारून?"

मी कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला. काकांनी तो पत्ता खोडला, कार्डाला पुन्हा मागायला लावलं आणि नोंदी वर सरकताना बघत बसले. मग साहेबांना दाखवलं. "हे बगा सायब. ह्यो मागायलाय, त्याला भेटायलंय, न् घेतलं की लगी पडायलाय. पुन्यांदा पयल्यापसून. डिशमदी दोष न्हाई, सर्व्हरमदी बी न्हाई. दारातच कायतरी हाय." वायर काढून त्यांनी कार्डाच्या भोकात मोबाइलचा उजेड टाकला. "पिन दे."

मी ओढणीची पिन काढून दिली. काकांनी हळूच टोक फिरवलं आणि त्यांच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवानं लाल झालेला. त्याच्यामुळं वायर पूर्ण आत बसत नव्हती. फायबर चालू असेपर्यंत डिशची गरजच पडली नाही, म्हणून दोन दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता.

मला रडूच फुटलं. साहेबांसमोर, चेअरमनसमोर मी सगळं सांगून टाकलं. पूजा, अक्षता, वहिनी, तिचं वय, सगळं. माझ्यामुळं तिची परीक्षा जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"तांदळाचं काई न्हाई," काका म्हणाले. "तांदूळ कुणाच्या बी हातून सांडतो. पर तू न इचारता पत्ता घातलास, ते मला लागलं." आणि वायर आत दाबली. टक्क असा आवाज आला.

साहेबांनी फायबर पुन्हा उपसली. गोल फिरला, आणि मी पंधरापर्यंत मोजलं असेल नसेल तोच पानं उघडायला लागली, एकामागून एक, पार शेवटच्या रांगेपर्यंत. साहेबांनी ते तीनदा करून पाहिलं. मग फॉर्म पुढं ओढून म्हणाले, "कारण काय लिहू?"

"हाय ते लिवा," काका म्हणाले.

साहेबांनी लिहिलं, 'पोर्टमध्ये बाह्य वस्तू. दोष दूर केला.' मग पेन बंद करताना विचारलं, "पूजेला तुम्ही नाही म्हणत नाही?"

"मी माझ्या वाटनं नागपूरला जातो सायब, ती तिच्या वाटनं पूजा करती. फकस्त झाकण लावून करावी." पुढच्या दसऱ्याला निघण्याआधी काकांनी खरंच सर्व्हरच्या सगळ्या भोकांना रबराची बुचं करून बसवली.

केंद्र मंजूर झालं. वहिनीनं फॉर्मवर पहिली पसंती मानवत लिहिली आणि तेच मिळालं. पुढं वेटिंग लिस्टमधून ती लागली. पण मला सारखा आठवतो तो परीक्षेचा दिवस.

घरचं माणूस परीक्षेला बसलंय म्हणून मला आत ड्युटी नव्हती. नियमच आहे तो. सर्व्हरजवळ काका. मी भाच्याला मांडीवर घेऊन समोरच्या दुकानाच्या ओट्यावर. वहिनी गेटातून आत जाताना दोनदा मागं वळली, मग नाही वळली.

तास झाला असेल. गल्लीच्या तोंडाशी नाली खोदायला जेसीबी आला होता. मी लेकराला तो दाखवत होते, बघ बघ, कसा उचलतो. आणि त्याचं बकेट वर आलं त्याला मातीबरोबर नारंगी पाइप लोंबत होता, टोकाला तुटलेला. ती आमची फायबर होती.

आतल्या सगळ्यांचे फोन गेटवर जमा. आत जाता येईना, ओरडता येईना. वरच्या मजल्याच्या बंद खिडक्यांकडं बघत बसले. आता कुणीतरी धावत खाली येईल, आता चेअरमन डोकं धरून बाहेर येतील, आता पोरं आरडाओरडा करतील. लेकरू भुकेनं रडायला लागलं. त्याला थोपटता थोपटता मी काय पुटपुटत होते ते मलाच माहीत नाही. खिडक्या तशाच राहिल्या. कुणी आलं नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली तशी वहिनी सगळ्यांत आधी बाहेर आली, जवळजवळ पळतच. लेकराला माझ्याकडून ओढून घेतलं, ओट्यावर बसून पदराखाली घेतलं.

"वहिनी, लाइन गेली तेव्हा किती वेळ थांबलं गं?"

"कवा गेली?"

"अगं, मधेच. जेसीबीनं तोडली ना."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. "मला तर काईच कळलं न्हाई ताई. मी शेवटच्या प्रश्नापस्तोर करत व्हते. चांगला गेला पेपर."

काका मागून आले होते. पिशवी खांद्याला, शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. तीन तास ते त्या खुर्चीतून हललेही नव्हते, पाणीसुद्धा प्यायले नव्हते, हे चेअरमननी मला नंतर सांगितलं.

"काईच अडलं न्हाई?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"न्हाई काका. काई झालं व्हतं का?"

काकांनी तुटलेल्या पाइपाकडं पाहिलं, मग वहिनीकडं, मग माझ्याकडं.

"काई न्हाई झालं माय," ते म्हणाले, आणि ओट्यावर वहिनीशेजारी, कुणाला काही न विचारता, मटकन बसले.